पेटी-तबल्याच्या कारखान्याचं सस्टेनेबिलिटी टार्गेट ठरवताय? या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी आमच्या एका परदेशी खरेदीदाराने एक्सेलची शीट पाठवली. प्रश्न सत्तरच्या वर, पहिलाच असा: तुमचं नेट झिरोचं, म्हणजे कार्बनचा हिशोब शून्यावर आणायचं, वर्ष कोणतं? ऑफिस दादरला, कारखाना वसईला, माल म्हणजे पेट्या आणि तबले. फळीवर टिचकी मारून लाकूड पारखणारी माणसं आमच्याकडे आहेत, पण स्कोप थ्री (पुरवठादारांपासून गिऱ्हाइकापर्यंतच्या साखळीतलं उत्सर्जन) हा शब्द तेव्हा कुणी ऐकलेला नव्हता. खरेदी मी बघते, म्हणून शीट माझ्या गळ्यात पडली. दोन रात्रींत भरून टाकली आणि त्या दोन रात्रींत करता येतील तेवढ्या सगळ्या चुका केल्या. त्यातल्या काही इथे लिहितेय. काही शेजारच्या गाळ्यांमधल्याही आहेत, पण नावं कशाला!

दुसऱ्याच्या अहवालातून टार्गेट उचलणं

मी पहिल्यांदा काय केलं, तर एका मोठ्या गिटार कंपनीचा अहवाल उघडला आणि त्यातल्या प्राधान्यांची यादी जवळपास तशीच उतरवून काढली. एबनी, रोझवूड, जंगलांचं पुनरुज्जीवन. वाचायला छान. पण त्या लोकांची ती प्राधान्यं का आहेत, हे मी बघितलंच नाही. अमेरिकेत २००९ आणि २०११ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीच्या कारखान्यांवर लाकडासाठी छापे पडले. दुसऱ्या छाप्यात तर भारतातून गेलेलं एबनी आणि रोझवूड होतं. २०१२ मध्ये मादागास्करच्या एबनीबद्दल तीन लाख डॉलर दंड भरून कंपनीने ते प्रकरण मिटवलं. टेलर गिटार्सने २०११ मध्ये भागीदारीत कॅमेरूनमधली एबनीची गिरणीच विकत घेतली, तेव्हा कळलं की काळंभोर लाकूड सापडावं म्हणून तिथे कितीतरी झाडं तोडून तशीच टाकून देतात. मग पट्टेरी एबनीही वापरायला सुरुवात झाली. त्यांची प्राधान्यं अशी ठेचा खाऊन आलेली आहेत.

आमच्या पेटीत एबनीचा तुकडासुद्धा नाही. आमच्याकडे आहे सागवान, पितळेचे सूर, भात्याचं कापड आणि पुठ्ठा, पॉलिशचं थिनर, तबल्याचं शिसम, बकऱ्याचं कातडं, म्हशीच्या कातड्याची वादी आणि क्रोमचा मुलामा दिलेला डग्गा. यादी इथून सुरू व्हायला हवी होती. आता नव्याने करायची झाली तर मी गेल्या वर्षीची खरेदीची फाइल घेऊन बसेन, पैशांच्या क्रमाने नाही तर वजनाच्या क्रमाने. लाकूड, धातू, रसायनं, पॅकिंग. पहिल्या पाच ओळींत जे नाही, ते प्राधान्यांतही नको.

चलनावर नुसतं ‘शिसम’ लिहून मोकळं होणं

ही चूक सगळ्यांत महाग पडते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रे रोडच्या लाकूडबाजारात ‘शिसम’ म्हटलं की दोन वेगळी झाडं समोर येऊ शकतात. एक शिसू, म्हणजे डालबर्जिया सिसू, उत्तरेकडे रस्त्याच्या कडेला आणि कालव्यांच्या काठी मुद्दाम लावलं जाणारं. दुसरं आपलं शिसवी, म्हणजे डालबर्जिया लॅटिफोलिया, सह्याद्रीतलं, सावकाश वाढणारं, आजीच्या देव्हाऱ्याचं लाकूड. व्यापारी दोन्हींना शिसम म्हणतो, चलनावरही तेच. अहवालात मात्र ‘आमचं सगळं लाकूड लागवडीचं’ असं लिहिलं आणि गोदामात शिसवी निघालं, तर ते सरळ खोटं ठरतं.

शिवाय सायटिसचा, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, प्रश्न आहेच. डालबर्जियाची सगळी कुळी २ जानेवारी २०१७ पासून परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे निर्यातीला परवाना लागणाऱ्या यादीत, गेली. ब्राझीलचं रोझवूड त्याआधीच, १९९२ पासून, त्याहून कडक परिशिष्ट एकमध्ये होतं. मग २६ नोव्हेंबर २०१९ पासून परिशिष्ट दोनमधल्या डालबर्जियाच्या तयार वाद्यांना, त्यांच्या तयार सुट्या भागांना आणि साहित्याला सूट मिळाली. ही सूट ऐकून आमच्या ओळखीच्या एका निर्यातदाराने ओबडधोबड कोरलेली तबल्याची खोडं ‘वाद्याचे भाग’ म्हणून पाठवली. खोड अजून कोरायचं बाकी असेल तर ते लाकूडच, सुटा भाग नव्हे. माल अडकला. २०२२ मध्ये पनामाच्या परिषदेत शिसूच्या वस्तूंसाठी, एका नगातलं लाकूड दहा किलोच्या आत असेल तर परवाना नको, असं स्पष्ट झालं. पण ते शिसूबद्दल ठरलं, शिसवीलाही तेच लागू असं गृहीत धरू नका. चलनावर वनस्पतिशास्त्रीय नाव नसेल तर ती मागायची कशाच्या बळावर? आणि १ एप्रिल २०२३ पासून सायटिसची यादी आपल्याच वन्यजीव कायद्यात अनुसूची चार म्हणून आली आहे, त्यामुळे ‘ती परदेशातली भानगड’ म्हणायची सोयही उरलेली नाही.

उपाय साधा आहे. खरेदी ऑर्डरवर तीन गोष्टी सक्तीने मागा: शास्त्रीय नाव, कुठल्या राज्यातून आलं ते, आणि वनखात्याचा वाहतूक परवाना लागत असेल तर त्याचा क्रमांक. पहिल्या वर्षी निम्मे व्यापारी हसतात. दुसऱ्या वर्षी लिहून देतात, कारण शेजारचा द्यायला लागलेला असतो.

एफएससीचं, म्हणजे जबाबदारीने राखलेल्या जंगलाचं प्रमाणपत्र असलेलं, लाकूड घेता म्हणून पेटीवर एफएससीचा शिक्का मारता येत नाही, हेही इथेच सांगते. त्यासाठी साखळीतल्या तुमच्या स्वतःच्या कंपनीकडे चेन ऑफ कस्टडीचं (लाकूड कुठून कुठे गेलं याच्या नोंदीचं) प्रमाणपत्र असावं लागतं. आमच्या बॉक्सचं डिझाइन छपाईला जायच्या आदल्या दिवशी हे कळलं!

रिटर्नच्या पेट्या हिशोबात न धरणं

आमच्या पहिल्या अहवालात एलईडी दिव्यांवर अख्खं पान होतं. परत आलेल्या मालावर एक ओळ नव्हती.

ऑगस्टमधली एक दुपार आठवते. बाहेर पाऊस कोसळत होता आणि स्टोअरमध्ये भिंतीलगत परत आलेल्या पेट्यांची रांग होती. मिस्त्रीकाकांनी एकीची पट्टी दाबली, ती खालीच अडकून राहिली. ‘मॅडम, ही आमची जुलैची,’ ते म्हणाले. ‘तेव्हा फळीच ओली होती. मी सांगितलं होतं.’ मग त्यांनी ओलावा मोजायचं मीटर नव्या थप्पीतल्या फळीला टेकवलं. आकडा सतरा टक्क्यांच्या आसपास. पेटीसाठी दहा-बाराच्या वर नको.

मुंबईच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेलं लाकूड हवेतला ओलावा धरून बसतं, कितीही जुनं असो. त्याची पेटी इथे फुगते आणि कॅनडाच्या हिवाळ्यात, हीटर लावलेल्या खोलीत, आकसते. पाट्यांना फटी पडतात, भाता हवा सोडतो, सूर बोलत नाही. ती पेटी परत येते किंवा तिकडेच टाकून दिली जाते. म्हणजे एका वाद्यासाठी दोन वाद्यांचं सागवान, दोनदा पॉलिश आणि वर विमानाचं भाडं. विमानाने माल पाठवला तर टनामागचं उत्सर्जन न्हावाशेवाहून जहाजाने जाणाऱ्या मालाच्या कित्येक पट असतं, आणि बदलीची पेटी नेहमी विमानानेच जाते, कारण गिऱ्हाईक आधीच चिडलेलं असतं.

तेव्हापासून आमच्याकडे एक टार्गेट आहे जे कुठल्याही परदेशी अहवालात मी वाचलेलं नाही: बाराच्या वर ओलाव्याची फळी करवतीवर चढणार नाही. त्यासाठी सुकवणीची बंद खोली बांधावी लागली, तिला वीज लागते, बिल वाढलं. तरी माझ्या मते फायद्यातच आहोत. तबल्याचं गणित वेगळं. तिथे खोड पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, फक्त पुडी, म्हणजे वरचं कातडं, बदलायची असते. दुरुस्तीची सोय ठेवणं हेच तिथलं टार्गेट, पण ते कुणी लिहीत नाही, बहुधा फोटो चांगला येत नाही म्हणून.

सोयीचं वर्ष, सोयीचा आकडा

बेसलाइन, म्हणजे ज्याच्याशी पुढची तुलना करायची ते वर्ष, म्हणून २०२०-२१ घेऊ नका. कारखाना कित्येक महिने बंद होता, वीज जळलीच नाही. त्या वर्षाशी तुलना केली तर पुढचं प्रत्येक वर्ष नापास.

दुसरी चलाखी म्हणजे ‘प्रति नग’. समजा पहिल्या वर्षी हजार पेट्या आणि वीस टन उत्सर्जन, म्हणजे पेटीमागे वीस किलो. पुढच्या वर्षी तेराशे पेट्या, पेटीमागे अठरा किलो. अहवालात ‘दहा टक्के घट’. पण एकूण उत्सर्जन २३.४ टन, म्हणजे सतरा टक्के वाढ. कंपन्यांची टार्गेट्स तपासणाऱ्या सायन्स बेस्ड टार्गेट्स उपक्रमाचा, तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याचा हिशोब एकूण उत्सर्जनात वर्षाला ४.२ टक्के, म्हणजे दहा वर्षांत ४२ टक्के घट मागतो. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा. वाचणारा दुधखुळा नसतो.

विजेचा हिशोब अवघड नाही. आपल्या ग्रिडची एक युनिट वीज म्हणजे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. महिन्याला पाच हजार युनिट असतील तर साडेतीन टन, वर्षाला बेचाळीस. महावितरणकडे ग्रीन टॅरिफचा, म्हणजे हरित वीज घेण्याचा, पर्याय आहे, मुंबईतल्या वीज कंपन्यांकडेही आहे. तो घेतलात तरी ग्रिडचा मूळ आकडा झाकू नका, दोन्ही लिहा.

काम बाहेर दिलं म्हणजे प्रदूषणही बाहेर गेलं

डग्ग्याचं क्रोम प्लेटिंग आम्ही जॉबवर देतो. म्हणून मी ‘आमच्याकडे घातक कचरा शून्य’ असं लिहिलं होतं. प्लेटिंगमधलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम कॅन्सरला कारण ठरतं. आमच्या डग्ग्यासाठी ते कुणाच्या तरी टाकीत आहेच. आता जॉबवाल्याकडून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्राची चालू प्रत आणि गाळ कुठे पाठवला त्याची पावती घेतो. पावती नाही तर पुढचा लॉट नाही. आणि खरं सांगायचं तर साध्या पितळेचा, मुलामा नसलेला डग्गा छान दिसतो. गिऱ्हाइकाला विचारून तरी बघा.

कातडं वापरतो म्हणून काही जण दबून जातात आणि प्लॅस्टिकच्या पुडीला पर्यावरणस्नेही म्हणू लागतात. माझं मत विचाराल तर कातड्याबद्दल ओशाळायचं कारण नाही. पण ते कुठून आलं याचा कागद हवा, महाराष्ट्रात २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर तर नक्कीच.

पाच जूनची रोपं

‘प्रत्येक पेटीमागे एक झाड’ ही घोषणा आम्हीही केली होती. रोपं लावली, फोटो काढले, पुढच्या उन्हाळ्यात पाणी घालायला कुणी गेलं नाही. सागवान वापरण्याजोगं व्हायला कित्येक दशकं लागतात. ते झाड आज आपल्या खात्यावर वजाबाकी म्हणून लिहिता येत नाही, आणि विकत घेतलेली कार्बन क्रेडिट्सही वर सांगितलेल्या ४२ टक्क्यांत धरत नाहीत. झाडं लावा, पण अहवालाच्या दुसऱ्या पानावर.

बॉक्सवर ‘इको फ्रेंडली’ छापायच्या आधी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ऑक्टोबर २०२४ ची ग्रीनवॉशिंगची, म्हणजे पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांबद्दलची, मार्गदर्शक तत्त्वं वाचा. नुसता मोघम दावा चालत नाही, तो कशाच्या आधारावर ते सांगावं लागतं. छोट्या कारखान्यांना वाटतं हे सेबीच्या बीआरएसआर या सस्टेनेबिलिटी अहवालासारखं बड्या लिस्टेड कंपन्यांचं दुखणं आहे. बीआरएसआर २०२२-२३ पासून पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना सक्तीचं आहे हे खरं, पण ग्रीनवॉशिंगचे नियम माल विकणाऱ्या कुणालाही लागू होतात. आणि त्या हजारांतल्या एखाद्या कंपनीने तुमच्याकडून दिवाळीच्या भेटीसाठी शंभर तबले घेतले तर तिचीही शीट तुमच्या दारात येणारच.

टार्गेट चुकलं तर?

लपवू नका, आणि गुपचूप बेसलाइनही बदलू नका. एखादं काम बाहेरून आत आणलं किंवा आतलं बाहेर दिलं, हिशोबाची पद्धत बदलली, तर बेसलाइन नव्याने मांडता येते. मात्र किती टक्के फरक पडला की मांडायची हे आधीच लिहून ठेवलेलं असावं. बरेच जण पाच टक्के धरतात, आम्हीही.

सुकवणीच्या खोलीमुळे आमचं विजेचं टार्गेट गेल्या वर्षी चुकलं. अहवालात तसंच लिहिलं, खाली रिटर्न आलेल्या पेट्यांची महिन्यावार यादी जोडली आणि खरेदीदाराला पाठवून दिलं. त्याचा एकच प्रश्न आला: जुलैच्या पेट्या आता कमी का दिसतायत? मिस्त्रीकाकांना वाचून दाखवला. ‘त्यांना मीटरचा फोटो पाठवा,’ म्हणाले.