शाळेत पोराला कोणी त्रास देत असेल तर काय करायचं

आधी मस्ती आणि त्रास यातला फरक बघा. दोघंही हसतायत आणि आज याची तर उद्या त्याची खेचली जाते, ती मस्ती. पण रोज त्याच एकाला ढापण्या म्हणायचं, त्याचाच डबा संपवायचा आणि समोर चारजण किंवा वरच्या वर्गातलं पोरगं असल्यामुळे तो काही करूच शकत नाही, तो त्रास. आडनावावरून जात काढत असतील तर ते मस्तीत धरूच नका.

पोरं आपणहून सांगत नाहीत. रविवारी संध्याकाळीच पोट दुखायला लागतं, वॉटरबॅग सारखी हरवते, घरी आल्या आल्या दप्तर टाकून टॉयलेटला पळतो (शाळेच्या टॉयलेटमध्येच गाठतात म्हणून दिवसभर जातच नाही, हे फार कमी आईबापांच्या लक्षात येतं). "कोण मारतं सांग" म्हटलं की तोंड बंद, त्यापेक्षा मधल्या सुट्टीत कुठे बसतोस, व्हॅनमध्ये शेजारी कोण असतं, कुठे जायला नको वाटतं असं विचारा, कारण बाईंची नजर नसते तिथेच बहुतेक सगळं घडतं.

"तूही दे एक ठेवून" हा सल्ला कृपया नको. जमलं असतं तर दिली नसती का त्याने, आणि दिलीच तर ऑफिसबाहेर तोच उभा. त्या पोराच्या घरी भांडायला जाणं, पालकांच्या ग्रुपवर नाव टाकणं, हेही नको.

वहीत तारीख, जागा, कोण होतं, कोणी बघितलं ते लिहा, मेसेज असतील तर स्क्रीनशॉट. क्लास टीचरना भेटा, फरक नाही पडला तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या कॉपीवर शिक्का मारून पोच घ्याच, तोंडी तक्रार "बघतो" वरच संपते. महाराष्ट्रात १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा आहे, त्यात लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करायची असते, अर्जात त्याचा उल्लेख करा, हालचाल होते. शिक्षकच मारत असतील तर आरटीई (शिक्षणहक्क) कायद्याचं कलम १७ दाखवा, त्यात मुलांना मारायला बंदी आहे. अंगाला नको तिथे हात लावण्याचा वगैरे प्रकार असेल तर शाळेच्या चौकशीची वाट न बघता सरळ पोलीस किंवा १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन).

शाळेकडे मागताना नुसती शिक्षा मागू नका. सुट्टीत टॉयलेटजवळ, जिन्यात कोणीतरी ड्युटीवर हवं, व्हॅनमधली जागा बदलायला हवी, आणि दोघांना वर्गासमोर उभं करून सॉरी म्हणायला लावणं तर बंदच, त्याचा वचपा शाळा सुटल्यावर निघतो. सुट्टीत सोबत बसणारा एक जरी मित्र मिळाला तरी बराच फरक पडतो, तेवढं बाईंना सांगून जमवता येतं.

आणि फोन उलटा आला, म्हणजे तुमचंच पोरगं त्रास देतंय असा, तर "आमचा तसा नाहीये" म्हणायच्या आधी पूर्ण ऐकून घ्या, आणि घरी आल्यावर त्याला बडवू नका.