मराठी नोट्स अंध विद्यार्थ्यालाही वाचता याव्यात म्हणून

नोट्स अपलोड करण्याआधी फाईलमधला एक परिच्छेद कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी जशीच्या तशी उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकालाही देवनागरी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत आहे, पुढे जा. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसू लागली तर थांबा. ती फाईल अंध विद्यार्थ्याच्या काहीही कामाची नाही.

मी विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागात अभ्यास साहित्याच्या फाईली तपासते. सगळ्यात जास्त अडचण इथेच येते. कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द पडद्यावर छान दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे ई, जे, के, बी, एच एवढीच रोमन अक्षरं असतात. फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. अंध विद्यार्थ्याला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रीन रीडर, मुखवटा पाहत नाही, आतली अक्षरं वाचतो. एम.ए.च्या विद्यार्थ्याने पानभर हे ऐकायचं आणि त्यातून अभ्यास करायचा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

जुन्या फाईली पुन्हा टाइप करायची गरज नाही. फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. रूपांतर झालं की रेफ, पहिली वेलांटी आणि ‘ऱ्या’ एवढं मात्र डोळ्यांखालून घाला, घोळ बहुतेक तिथेच होतो. नवीन काही लिहायचं असेल तर पहिल्यापासून युनिकोडमध्येच लिहा.

मोबाईलवर फोटो काढून केलेली पीडीएफ ही दुसरी अडचण. त्यात मजकूर नसतोच, नुसती चित्रं असतात. गुगल ड्राइव्हवर ती चढवून गुगल डॉक्समध्ये उघडली की मराठी मजकूर बऱ्यापैकी निघतो. पान तिरकं असेल किंवा पेनाने ओळी अधोरेखित केल्या असतील तर चुका वाढतात, म्हणून स्वच्छ प्रत सरळ ठेवून स्कॅन करा. आणि निघालेला मजकूर एकदा वाचून काढा, विशेषतः सनावळ्या आणि आकडे.

शीर्षकं ठळक आणि मोठी करून भागत नाही. वर्डमध्ये त्यांना हेडिंग 1, हेडिंग 2 अशी स्टाइल द्या. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, त्यात एच दाबलं की पुढच्या हेडिंगवर उडी मारता येते. स्टाइल दिलेली नसेल तर घटक चौथा गाठायला पहिले तीन ऐकत बसावं लागतं. पीडीएफ करताना ‘प्रिंट टू पीडीएफ’ वापरू नका, हेडिंगांची ही सगळी रचना त्यात नाहीशी होते. ‘सेव्ह अ‍ॅज’मधून पीडीएफ निवडा.

आकृत्यांसाठी वेळ काढाच. ‘आकृती 2 : मागणी वक्र’ एवढं ऐकून कुणाला काय कळणार? चित्रावर राइट क्लिक करून ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे स्क्रीन रीडर चित्राऐवजी वाचतो त्या वर्णनात, असं लिहा : ‘आडव्या अक्षावर मागणी, उभ्या अक्षावर किंमत. वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरतो. किंमत 10 रुपये असताना मागणी 50 नग, 20 रुपये असताना 30 नग.’ हे विषय शिकवणाऱ्यानेच लिहावं. आम्ही फाईल दुरुस्त करू शकतो, पण त्या आकृतीतून काय शिकवायचंय ते तुम्हालाच ठाऊक.

व्हिडिओला मराठी सबटायटल द्या, कर्णबधिर विद्यार्थ्यांना त्याशिवाय गत्यंतर नसतं. आपोआप तयार झालेली तपासल्याशिवाय ठेवू नका.

पुस्तक स्कॅन करून दिलं तर कॉपीराइटचं काय, असं ग्रंथालयात हमखास विचारतात. कॉपीराइट कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग वाचकांसाठी, नफा न कमावता, अशी प्रत तयार करायला मुभा दिली आहे. ती प्रत त्यांच्यापुरतीच राहील याची काळजी घ्या. शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 42 मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुगम स्वरूपात असावा असं सांगितलंच आहे. तेव्हा ही कुणाची मेहेरबानी नव्हे.

शेवटी एनव्हीडीए स्वतःच्या संगणकावर टाका, त्यातला मराठी आवाज निवडा, मॉनिटर बंद करा आणि तुमच्याच फाईलमधला एखादा प्रश्न शोधून पाहा. जिथे अडाल तिथे दुरुस्ती करा. मग शक्य असेल तर ती फाईल वापरणाऱ्या विद्यार्थ्याला विचारा, त्याला आणखी बारकावे सापडतील.

आणि परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर टाकताना शिक्का-सहीच्या परिपत्रकाचा फोटो पाठवलात, तरी खाली दोन ओळी टाइप करा : कुठला फॉर्म, किती तारखेपर्यंत, लिंक कुठली.