लॅपटॉपच्या डब्ल्यूएमआय ड्रायव्हरला हात लावण्यापूर्वीची तयारी

लॅपटॉपचे पंखे, बॅटरीची चार्जिंग-मर्यादा, कीबोर्डावरची खास बटणे आणि कामगिरीचे मोड सांभाळणारे लिनक्स कर्नलमधील बरेचसे ड्रायव्हर ‘ड्रायव्हर्स/प्लॅटफॉर्म/एक्स८६’ या डिरेक्टरीत आहेत. त्यांपैकी फर्मवेअरशी, म्हणजे बायोससारख्या यंत्रातल्या मूळ सॉफ्टवेअरशी, डब्ल्यूएमआय या मार्गाने बोलणारा एखादा सुधारायला घ्यायचा असेल, तर आधी काय जमवावे याची ही यादी आहे. मुंबईत शनिवार-रविवारी घरी बसून हे काम करणाऱ्या, प्रयोगशाळा नसलेल्या मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे.

पहिली गरज वेगळ्या यंत्राची. ज्या लॅपटॉपवर नोकरीचे काम चालते त्यावर हे प्रयोग करू नयेत. लॅमिंग्टन रोडवर जुने लॅपटॉप मिळतात. मात्र घेण्याआधी दुकानातच बायोस उघडून त्याला पासवर्ड नाही याची खात्री करावी, मॉडेलचे पूर्ण नाव आणि बायोसची आवृत्ती यांचा फोटो काढावा आणि बॅटरी खरोखर चार्ज धरते का ते पाहावे. मेलेल्या बॅटरीवर चार्जिंग-मर्यादेची चाचणी होत नाही.

यंत्र घरी आले की त्याचे फर्मवेअर वाचायला बसावे, आणि या टप्प्याला मनसोक्त वेळ द्यावा. ‘एसीपीआयडम्प’ने एसीपीआयचे तक्ते (यंत्रातील उपकरणांचे फर्मवेअरने दिलेले वर्णन) काढावेत, ‘एसीपीआयएक्सट्रॅक्ट’ने ते वेगळे करावेत आणि ‘आयएएसएल’ने डीएसडीटी हा मुख्य तक्ता व एसएसडीटी हे सर्व पूरक तक्ते एकत्र उलगडावेत. त्यात ‘पीएनपी०सी१४’ हा ओळखक्रमांक असलेले प्रत्येक उपकरण शोधावे आणि त्याच्या ‘_डब्ल्यूडीजी’ या बफरची (डब्ल्यूएमआयच्या सोयींच्या यादीची) प्रत कागदावर घ्यावी. या बफरमधील प्रत्येक नोंद २० बाइटची असते: पहिले १६ बाइट जीयूआयडी या अनन्य ओळखक्रमांकाचे, पुढचे २ ऑब्जेक्टच्या ओळखीचे किंवा सूचनाक्रमांकाचे, १ नगसंख्येचा आणि शेवटचा १ फ्लॅगचा. फ्लॅगमध्ये २ असेल तर ती मेथड (हाक मारता येणारे फंक्शन), ८ असेल तर ती घटना (फर्मवेअरकडून येणारी सूचना). जीयूआयडीचे पहिले तीन भाग इथे उलट्या बाइटक्रमाने लिहिलेले असतात, हे ध्यानात न घेतल्याने नवशिक्यांची संपूर्ण संध्याकाळ वाया जाते. उदाहरणार्थ, बायनरी एमओएफचा (मेथडांचे वर्णन असलेल्या डेटाचा) जीयूआयडी ०५९०१२२१ने सुरू होतो, पण तक्त्यात तो २१ १२ ९० ०५ असा दिसतो. हा एमओएफ उपलब्ध असेल तर ‘बीएमएफडेक’ने तो उलगडून ठेवावा, कारण कोणती मेथड कोणते आर्ग्युमेंट घेते हे फर्मवेअर लिहिणाऱ्यांनी स्वतः त्यात नोंदवलेले असते. अंदाजापेक्षा ही नोंद केव्हाही अधिक विश्वासार्ह.

एम्बेडेड कंट्रोलरबाबत (पंखा, बॅटरी यांसारख्या गोष्टी सांभाळणाऱ्या छोट्या चिपबाबत) मात्र कळकळीची विनंती आहे. ज्या रजिस्टरचा अर्थ तक्त्यांवरून सिद्ध झालेला नाही, त्यात काहीही लिहू नये. दोन वर्षांपूर्वी मी पंख्याचा मोड समजून एका रजिस्टरमध्ये चुकीची किंमत लिहिली आणि पंखा थांबला. मी यंत्र पुन्हा सुरू केले, तरी तो थांबलेलाच. मशीन बंद-चालू केले तरी बॅटरीमुळे हा कंट्रोलर जागाच राहू शकतो आणि त्याची अवस्था टिकते, हे मला तेव्हा कळले. शेवटी मागचे झाकण उघडून बॅटरीची पिन काढावी लागली. म्हणून योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर, झाकण उघडण्याची पद्धत आणि प्रत्येक रजिस्टरची मूळ किंमत टिपलेली वही ही सामग्री प्रयोगाआधीच टेबलावर असावी.

कर्नल बांधण्याची तयारी सोपी आहे. ‘लोकलमॉडकॉन्फिग’ने सेटिंग आटोपशीर करावे, पण केएएसएएन (मेमरीच्या चुका पकडणारे) आणि लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारे) चालू ठेवावेत. सिक्युअर बूट चालू असल्यास सही नसलेले मॉड्यूल सहसा लोड होत नाही, त्यामुळे सहीसाठी स्वतःची किल्ली नोंदवावी किंवा चाचणीच्या यंत्रावर ते बंद ठेवावे. जुना, चालता कर्नल बूट मेन्यूत राहू द्यावा.

मग आहे तो ड्रायव्हर ओळ न ओळ वाचावा आणि तीन ठिकाणी खूण करावी. फर्मवेअरकडून परतलेला ऑब्जेक्ट इंटिजर आहे की बफर, हे तपासले आहे का? बफरची लांबी वाचण्यापूर्वी पाहिली आहे का? आणि त्याची मेमरी प्रत्येक वाटेने मोकळी होते का? बायोसच्या दोन आवृत्त्या एकाच मेथडला वेगवेगळी उत्तरे देऊ शकतात, त्यामुळे जुन्या ड्रायव्हरमधील खरे दोष बहुधा याच तीन जागी सापडतात. ड्रायव्हर अजून थेट जीयूआयडीवर हाक मारणारी जुनी फंक्शने वापरत असेल, तर त्याला डब्ल्यूएमआय बसवर (प्रत्येक जीयूआयडीला स्वतंत्र उपकरण मानणाऱ्या कर्नलच्या व्यवस्थेवर) आणणे हीच माझ्या मते सर्वांत उपयोगी सुधारणा ठरेल, पण ती स्वतंत्र पॅचमध्ये (पाठवण्याच्या बदलात) असावी. नवी सुविधा देताना स्वतःची सिसएफएस फाइल (कर्नलची सेटिंग बाहेर दाखवणारी फाइल) काढू नये. मोडसाठी कर्नल ५.१२पासून ‘प्लॅटफॉर्म_प्रोफाइल’ आहे आणि चार्जिंगसाठी ‘चार्ज_कंट्रोल_एंड_थ्रेशोल्ड’ आहे. डेस्कटॉपच्या सेटिंगला हीच नावे कळतात.

चाचणीच्या नोंदीत खोलीचे तापमान अवश्य लिहावे. मे महिन्यात गोरेगावच्या बिनएसीच्या खोलीत पंखा ज्या वेगाने फिरतो, तो थंड ऑफिसातल्या आकड्यांशी जुळणार नाही, आणि तो फरक ड्रायव्हरचा दोष समजला जाऊ नये. लॅपटॉप झोपवून उठवल्यावर मोड, मर्यादा आणि बटणे शाबूत आहेत का, हे चार्जर लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे पाहावे.

एकाच जीयूआयडीवर अनेक मॉडेले चालतात, त्यामुळे निदान एक दुसरे मॉडेल वापरणारी व्यक्ती आधीच शोधून ठेवावी. माझ्यासाठी ठाण्याची एक मैत्रीण हे करते. तिला मी फक्त मॉड्यूल न पाठवता, ते काढून टाकण्याची आज्ञाही वरच्याच ओळीत लिहून देतो. दुसरे मॉडेल मिळालेच नाही, तर नवी सुविधा डीएमआय तक्त्याने (ड्रायव्हरमधील मॉडेलनावांच्या यादीने) आपल्याच मॉडेलपुरती मर्यादित ठेवावी.

पॅच पाठवण्याआधी ‘चेकपॅच’ हे तपासणीचे साधन ‘--स्ट्रिक्ट’सह चालवावे, ‘गेट_मेंटेनर’ने पॅच ज्यांना पाठवायचा त्यांची योग्य नावे काढावीत, स्वतःच्या खऱ्या नावाने ‘साइन्ड-ऑफ-बाय’ (हा बदल देण्याचा हक्क असल्याची ग्वाही) लिहावे आणि वर्णनात यंत्राचे मॉडेल व बायोसची आवृत्ती द्यावी. मर्ज विंडोचे (पुढच्या आवृत्तीसाठी बदल मूळ कर्नलमध्ये घेतले जातात त्या काळाचे) दोन आठवडे नवी सुविधा पाठवण्याचे टाळावे. पॅच मूळ कर्नलमध्ये जाईपर्यंत शंका येतच राहतात आणि प्रत्येक शंकेचे उत्तर त्याच यंत्रावर तपासावे लागते, त्यामुळे तोवर तो जुना लॅपटॉप विकू नये आणि त्याचा बायोसही बदलू नये.