वापरलेली १० मीटर एअर रायफल: जुळणारे भाग कसे निवडावेत

वापरलेली मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, घेतली की सगळे भाग सोबत येतातच असे नाही. कुठे डायऑप्टर (बारीक भोकाची मागची साइट) नसतो, कुठे हवा भरायचा अडॅप्टर. मग एकेक भाग जमवावा लागतो, आणि फोनवर ‘बसेल हो’ ऐकून मागवलेली वस्तू बऱ्याचदा बसत नाही. खरेदीचा क्रम ठेवा: आधी हवा, मग छर्रे, मग साइट, मग दस्ता. शेवटी वजन.

कायद्याचे आधी. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंत नळी आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. मॅच रायफल ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सोडते, म्हणजे साडेसात जूलच्या आसपास. वेग वाढवायच्या फंदात पडू नका. १० मीटरवर त्याचा काही फायदा नाही.

हवा. रायफलीच्या हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख आणि दाब विकत घेण्याआधी वाचा. अनेक उत्पादक १० वर्षांची मुदत देतात. मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरीही वापरू नये. फाइनवेर्कबाउ, वाल्टर, श्टायर यांचे सिलिंडर एकमेकांच्या रायफलीवर बसतील असे धरून चालू नका. मॉडेलचा नंबर सांगूनच मागवा. ज्या मोठ्या टाकीतून हवा भरायची तिचा डिन कनेक्टरही (आट्यांची जोडणी) बघावा. ३०० बारचा कनेक्टर २०० बारच्या व्हॉल्व्हवर बसतो, पण २०० चा आखूड कनेक्टर ३०० च्या व्हॉल्व्हमध्ये सील होत नाही. सिलिंडरवर २०० बार लिहिले असेल तर २०० लाच थांबा. हवा सावकाश भरा. घाईने भरली तर सिलिंडर तापतो आणि थंड झाल्यावर गेज खाली येतो. अडॅप्टरच्या आट्यांना किंवा ओ-रिंगला मशीनचे तेल कधीही लावू नका: दाबाखालच्या हवेत ते पेट घेते.

छर्रे. चपट्या डोक्याचेच घ्यावेत, कागदावर स्वच्छ गोल भोक तेच पाडतात. डोक्याचा व्यास ४.४८ ते ४.५२ मिमी असा वेगवेगळा मिळतो आणि कोणत्या नळीला कोणता मानवतो हे पाहून सांगता येत नाही. दोन-तीन मापांचे थोडे-थोडे छर्रे घ्या, रायफल शिकंज्यात घट्ट धरा आणि प्रत्येकाचे दहा-दहा शॉट एकाच जागी मारा. भोकाचा बाहेरून बाहेर व्यास ७ मिमी आला, तर छर्ऱ्यांचे मध्यबिंदू अडीच मिमीत आहेत. नेम मधोमध असेल तर कोणताच शॉट १०.५ गुणांच्या खाली जात नाही (सर्वाधिक १०.९). साडेपाच मिमी आला तर डब्यावरचा तोच बॅच नंबर लक्षात ठेवा आणि मिळतील तितके डबे घ्या. पुढच्या बॅचला पुन्हा चाचणी.

साइट. मॅच रायफलीवर सहसा ११ मिमीची रेल असते, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा डायऑप्टर बहुतेक वेळा बसतो. ५० मीटरच्या .२२ रायफलीवरचाही चालतो. गफलत पुढच्या टनेलमध्ये, म्हणजे पुढच्या साइटच्या नळकांड्यात, होते. टनेल १८ किंवा २२ मिमीचा असतो आणि आत बसणारी, नेम धरायची रिंग त्याच मापाची लागते. १० मीटरवरचा काळा गोल ३०.५ मिमीचा. डोळ्यापासून टनेल ८५-९० सेंमी पुढे असेल तर तो तिथे पावणेतीन मिमीचा दिसतो. भोवती पांढरी कड हवी, म्हणून नवख्याने ३.८ ते ४.० मिमी भोकाची रिंग घ्यावी. फार घट्ट रिंगेत काळा गोल कडेला चिकटतो आणि डोळा लवकर थकतो.

मान सरळ राहावी म्हणून साइट उंच करायची असेल तर पुढचा आणि मागचा ब्लॉक सारख्याच उंचीचा घ्या. फक्त पुढचा उंच केला की शॉट खाली जातात आणि डायऑप्टर वर-खाली करायचे क्लिक संपतात. टनेल नळीच्या दिसणाऱ्या टोकापुढे जाऊ देऊ नका, स्पर्धेच्या नियमात बसत नाही.

दस्ता. बट प्लेट (दस्त्याच्या मागची, खांद्याला टेकणारी पट्टी) मागवताना तिच्या दांड्याचा व्यास आणि दोन दांड्यांमधले अंतर कॅलिपरने मोजून कळवा. अंदाजाने मागवलेली प्लेट हमखास परत जाते. दस्त्याचे स्क्रू उत्पादकाने दिलेल्या टॉर्कवरच आवळा. दोन स्क्रू कमी-जास्त आवळले की शॉट सरकतात, आणि दोष छर्ऱ्यांना दिला जातो.

वजन. साइट, बट प्लेट, जादा वजने, सगळे लावून रायफल काट्यावर ठेवा. स्पर्धेची मर्यादा ५.५ किलो. रायफलीच्या यंत्रणेच्या (दस्ता सोडून) मागील टोकापासून नळीच्या दिसणाऱ्या टोकापर्यंतची लांबी ८५० मिमीच्या आत हवी. वजन जास्त भरले तर आधी नळीवरची वजने काढा, मग पुन्हा तोल बघा आणि शिकंज्यात दहा शॉट मारून साइट नव्याने लावा.