कलमांचा बयाना देण्याआधी वावरातलं पाणी पाहा

यंदा संत्रा लावणार असाल तर पाऊस लागायच्या आत वावरात दोन-तीन ठिकाणी मीटरभर खोल खड्डे घ्या. उंच भागात एक, उतारावर एक आणि सगळ्यात खोलगट जागी एक.

वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात पाच-सात वर्षांची, ऐन फळावर आलेली झाडं डिंक्यानं बसलेली दरवर्षी पाहतो. पानं पिवळी पडतात, बुंध्यातून डिंक गळतो, बारीक मूळ चिमटीत धरून ओढलं की साल हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. मेलेली झाडं बहुतेक एकाच पट्ट्यात सापडतात. पाणी तिथं आधीपासूनच साचत होतं, कलमं लावताना कुणी पाहिलं नाही. डिंक्या आणणाऱ्या फायटोप्थोरा बुरशीचे बीजाणू साचलेल्या पाण्यातून मुळांपर्यंत पोहोचतात.

खड्ड्यात पाणी भरा. दुसऱ्या दिवशीही तुंबलेलं दिसलं तर त्या जागेचा नाद सोडा. खाली चिकण काळी माती की मुरूम, पांढऱ्या चुनखडीचे खडे किती खोलावर लागतात, तेही वहीत लिहा. 0-30, 30-60 आणि 60-90 सेंमीचे नमुने वेगवेगळे तपासायला द्या. सामू (pH) 6.5 ते 7.5 आणि मुक्त चुना 10 टक्क्यांच्या आत हवा.

वहीच्या पानावर वावर काढा:
- धुरे, विहीर, विजेचे खांब
- उताराची दिशा (गवंड्याची पाण्याची नळी पुरते)
- शेजाऱ्याच्या वावरातून पाणी शिरतं ती जागा
- मोठ्या झाडांची सावली

पहिला जोराचा पाऊस उघडला की वही घेऊन धुऱ्यावर जा. पाणी उभं आहे तिथं निळी रेघ मारा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. हे काम गड्यावर सोडू नका. माझा अनुभव असा की लव्हाळा दाट असतो किंवा मागं तूर उबळली होती, तिथंच ही रेघ येते.

‘निचरा सुधारणारं’ म्हणून दुकानदार जे द्रावण गळ्यात मारतो, त्यावर पैसा घालू नका. तोच पैसा चर खोदायला लावा.

लागवड ऑगस्टपर्यंत करता येते, घाई नको. 6×6 मीटरवर एकरी 110 च्या आसपास कलमं बसतात. निळ्या रेघेत जितकी येतील तितकी वजा करूनच बयाना द्या. कलमाचा डोळा, म्हणजे कलम बांधल्याचा जोड, मातीच्या वर राहू द्या. बुंध्याला लावायची बोर्डो पेस्ट घरीच करा: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर.