गाडी तापते? उन्हाला दोष देण्याआधी या चुका टाळा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमारास जळगाव-भुसावळकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत लेकीबाळींना माहेरी आणायला, लग्नांना, गाड्या गच्च भरून निघतात. मग रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून उभी असलेली गाडी दिसते आणि तिच्याभोवतीचे चार जण एकच गोष्ट बोलतात, "ऊनच एवढं आहे, गाडी तापणारच." हा समज सगळ्यात महागात पडतो.

साधा हिशेब करू. चालू इंजिनमधलं कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, साधारण 95 अंशांवर असतं. बाहेर 30 अंश असतील तर दोघांतला फरक 65 अंशांचा. बाहेर 45 असतील तर तो 50 वर येतो. म्हणजे रेडिएटरची उष्णता बाहेर फेकण्याची ताकद जवळपास पाव हिश्शाने घटते. कंपनी एवढी घट धरूनच रेडिएटर देते, त्यामुळे धडधाकट गाडी मे महिन्यातही कन्नडचा घाट एसी लावून चढते. जी तापते, तिच्यात आधीपासून काहीतरी बिघडलेलं असतं. थंडीत ते झाकून राहतं, उन्हाळ्यात उघडं पडतं. म्हणून ऊन उतरायची वाट न पाहता दोष शोधायला हवा.

तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला की

"पुढच्या फाट्यावर गॅरेज आहे, तिथपर्यंत नेऊ" हा विचार मनात येतो, तिथेच थांबा. हल्लीच्या बहुतेक इंजिनांचं हेड, म्हणजे वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं. जास्त तापलं की ते वाकतं, त्याच्याखालची सील, म्हणजे हेड गॅस्केट, उडतं आणि होज पाइपपुरतं असलेलं काम इंजिन खोलण्यावर जातं. अनेक नव्या गाड्यांत काटाच नसतो, तापमानाचा लाल दिवा लागतो. तो लागला म्हणजे उशीर झालेलाच आहे असं समजा.

काटा नुकताच वर सरकू लागला असेल तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात ठेवा. आत बसणाऱ्यांना त्रास होईल, पण इंजिनची थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडते आणि सावलीपर्यंत पोहोचता येतं. वाफ दिसत असेल तर मात्र तिथेच कडेला घ्या आणि इंजिन बंद करा.

एक फसवी खूण लक्षात ठेवा. वर गेलेला काटा अचानक खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. कुलंट संपून सेन्सर कोरडा पडला की काटा असाच पडतो.

झाकण आणि गार पाणी

गरम रेडिएटरचं झाकण उघडून लोक भाजतात, दरवर्षी. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार जास्त असतो, त्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही ते पाणी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. आजच्या बऱ्याच गाड्यांत कुलंटच्या प्लॅस्टिकच्या टाकीतही हाच दाब असतो. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज पाइप हाताला निवलेला लागला आणि दाबल्यावर मऊ वाटला, तरच जाड फडकं धरून झाकण सावकाश सैल करा.

तापलेल्या इंजिनवर गार पाण्याची बाटली ओतणं हीसुद्धा घोडचूक आहे. धातूला तडा जाऊ शकतो.

कधी तापते, त्यावरून दोष ओळखा

गॅरेजमध्ये "गाडी गरम होते" एवढंच सांगू नका. कधी तापते ते सांगा, निम्मं निदान तिथेच होतं.

जळगावच्या आकाशवाणी चौकात सिग्नलला उभं राहिल्यावर काटा चढतो आणि हायवेला लागल्यावर उतरतो? मग पहिला संशय पंख्यावर. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा थोड्याच वेळात फिरायला हवा. फिरला नाही तर आधी फ्यूज आणि रिले तपासायला सांगा, मोटर बदलायची गोष्ट त्यानंतर. पंख्याजवळ हात नेऊ नका. काही गाड्यांत तो चावी काढल्यावरही अचानक सुरू होतो.

उलट, गावात ठीक चालते पण धुळ्याजवळच्या लळिंगच्या चढावर किंवा भरल्या गाडीने हायवेवर तापते? मग रेडिएटर आतून वा बाहेरून चोंदलेला असेल, नाहीतर वॉटर पंप कमी पडत असेल. काटा वर आणि रेडिएटर मात्र गार, असं असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे गरम कुलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप, बंद स्थितीत अडकलेला असू शकतो.

बाहेरून चोंदणं आपल्या भागात फार होतं. जिनिंगच्या हंगामात उडणारा कापूस, शेतरस्त्याची धूळ आणि किडे एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत जमतात. समोरून जाळी स्वच्छ दिसते, आत मात्र गोधडी झालेली असते. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या धारेने धुवून घ्या. सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनने पातळ पत्रे वाकतात आणि हवा आणखीच अडते.

बोअरचं पाणी आणि काढलेला थर्मोस्टॅट

या दोन चुकांनी मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण त्या भलं समजून केल्या जातात.

आपल्याकडच्या अनेक बोअरचं पाणी जड. बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. अडचणीत रेडिएटरमध्ये पाण्याची बाटली ओतावी लागली तर इंजिन निवल्यावर जरूर ओता, पण नंतर सगळं काढून कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर भरा. पुस्तिकेत सांगितलेलंच कुलंट घ्या. हिरवं, लाल असा रंग पाहून घेऊ नका, रंगावरून आतलं रसायन कळत नाही. भरल्यावर हवा काढायला विसरू नका. अडकलेल्या हवेमुळे दुरुस्त केलेली गाडीही पुन्हा तापते. सीएनजी गाडीत गॅसचा दाब कमी करणाऱ्या रिड्यूसरकडे जाणारे कुलंटचे पाइपही तपासा, ती गळती बऱ्याचदा नजरेतून सुटते.

"उन्हाळा आहे, थर्मोस्टॅट काढून टाकतो" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, इंधन जास्त जळतं आणि काही इंजिनांत रेडिएटर टाळून जाणारी बायपासची वाट उघडीच राहिल्याने ते उलट जास्त तापतं. खराब असेल तर नवा बसवा.

हेड खोलण्याआधी

कुलंट वारंवार कमी होतंय पण खाली थेंब नाही? पायाखालचं मॅट ओलं आणि गोडसर वास असेल तर हीटरची जाळी गळतेय. टाकीत सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइल दुधाळ, अशा खुणा दिसल्या तर गॅस्केटचा संशय धरा. तरीही आधी प्रेशर टेस्ट, म्हणजे दाब देऊन गळती शोधायची तपासणी, मागा. हेड काढलंच तर ते किती वाकलंय हे पट्टी लावून स्वतः पाहा, मगच फेसिंगला, म्हणजे ते घासून सपाट करायला, होकार द्या.

काढलेलं जुनं कुलंट गटारीत किंवा अंगणात सोडू नका. ते विषारी असून चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात. बंद कॅनमध्ये भरून, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि गॅरेजवाल्याच्या हवाली करा.