ढोलकीच्या खोडावरचं पांढरं पडलेलं पॉलिश : माझा अनुभव

वडिलांची शिसवी ढोलकी. खोडावर पांढरट, धुरकट डाग. मांडीला टेकते तिथलं पॉलिश झिजून लाकूड उघडं. आधी फर्निचरचं मेण घासलं, चमक दोन दिवस टिकली. मग तयार वॉर्निश मारलं, तर त्याचे पापुद्रे सुटले. तीन रविवार वाया!

जुनं पॉलिश कसलं आहे, हेच पाहिलं नव्हतं. कडेला स्पिरिटचा बोळा टेकवला, तर बोट चिकटलं. म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळणारं, चपड्याचं (लाखेचं).

मग दोन्ही पुड्या (वाजवायची कातडी तोंडं) प्लास्टिकने झाकल्या. वॉर्निश खरवडलं, मेण टर्पेंटाइनने पुसलं (त्यात चपडा विरघळत नाही) आणि खोड रात्रभर वाळू दिलं. 100 मिली स्पिरिटमध्ये 12 ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून मलमलीतून गाळला. सुती फडक्यात कापूस बांधून पुरचुंडी केली. पहिला हात नुसत्या स्पिरिटचा, जेमतेम ओलसर, लाकडाच्या रेषेने. धुरकटपणा तिथेच गेला. मग पॉलिशचे सहा हात, मध्ये अर्धा-अर्धा तास. पुरचुंडी फिरती ठेवा, थांबली की ठसा उठतो. झिजलेल्या जागी दोन हात जास्त लागले.

पावसाळ्यात मात्र हे काम काढू नका, दमट हवेत तोच पांढरेपणा परत येतो.